संघाचे गाव कोणते?



स्मृतिव्याख्यानासाठी फुटबॉल हा विषय जाहीर झाला, तेव्हा काहींना नवल वाटले असेल. या व्यासपीठावर इतिहास झाला, साहित्य झाले, शेती झाली, समाजकारण झाले. खेळ क्वचितच आला. पण आजचा विषय वरवर खेळाचा असला, तरी आतून तो आपल्या गावांचा आहे. पैशावर चालणारी एखादी नवी लीग निघते, तेव्हा संघ कोणत्या शहराला द्यायचा हे कोण ठरवते? कशाच्या आधारावर ठरवते? आणि ज्या गावाचे नाव जर्सीवर छापले जाते, त्या गावाच्या पदरात शेवटी काय पडते? या तीन प्रश्नांभोवती आज मला बोलायचे आहे.

रत्नागिरीला हे प्रश्न परके नाहीत. २०२३ साली महाराष्ट्र प्रीमियर लीग ही क्रिकेट स्पर्धा सुरू झाली. संघ सहा: पुणे, कोल्हापूर, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, सोलापूर आणि आपली रत्नागिरी. ‘रत्नागिरी जेट्स’ पहिल्याच वर्षी विजेता ठरला. कोल्हापूरविरुद्धचा अंतिम सामना पावसाने पुरा होऊ दिला नाही, आणि साखळीत अव्वल असल्यामुळे चषक आपल्याकडे आला. पुढच्या वर्षी, २०२४ मध्ये, नाशिकला हरवून आपण तो राखला. सलग दोन वर्षे महाराष्ट्रात रत्नागिरी पहिली! अभिमान वाटावा अशीच गोष्ट आहे, आणि मलाही तो वाटतो.

पण हे सामने झाले कुठे? सगळे पुण्याजवळ, गहुंज्याच्या मैदानावर. रत्नागिरी जिंकली ती घाटावर. रत्नागिरीच्या मुलांनी आपला संघ पाहिला तो मोबाइलच्या पडद्यावर. मारुती मंदिराजवळच्या आपल्या छत्रपती शिवाजी स्टेडियमवर ना नाणेफेक झाली, ना कुणी सीमारेषेवर उभे राहून खेळाडूला हाक मारली.

यात मी कुणाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करत नाही. स्पर्धा नवी, खर्च मोठा, जून महिन्याचा पाऊस, प्रकाशझोताचे आणि प्रक्षेपणाचे मैदान एकच. आयोजकांच्या अडचणी खऱ्या आहेत. तरीही प्रश्न उरतोच. गावाचे नाव घेतले, तर गावाला काहीतरी देणे लागते की नाही?

हापूसच्या बाबतीत आपण या प्रश्नाचे उत्तर कधीच देऊन बसलो आहोत. २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांत पिकलेल्या आंब्यालाच ते नाव लावता येते. दुसरीकडचा आंबा रत्नागिरीच्या पेटीत भरून विकला, तर आपण चिडतो, आणि योग्यच चिडतो. कारण नावाची किंमत मातीतून आलेली असते. मग खेळाच्या संघाबाबत आपण इतके समाधानी कसे? नाव आपले, आणि माती दुसरीकडची, हे आपण कसे चालवून घेतो?

हा अनुभव आपल्या एकट्याचा नाही. अमेरिकेत त्यांच्या पद्धतीच्या फुटबॉलची एनएफएल ही बलाढ्य लीग आहे, आणि तिला पर्याय उभा करण्याचे प्रयत्न तिथे पुन्हा पुन्हा होतात. यूएसएफएल ही अशीच एक पर्यायी लीग होती. तिने २०२२ साली आठ संघ मैदानात आणले. नावे होती न्यू जर्सी, मिशिगन, फिलाडेल्फिया, पिट्सबर्ग, ह्यूस्टन, न्यू ऑर्लिन्स, टँपा बे आणि बर्मिंगहॅम. आणि साखळीतले सामने? सगळेच्या सगळे अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅम या एका शहरात. खर्च वाचला, प्रक्षेपण सोपे झाले. पण मिशिगनचा माणूस आपला संघ बघायला गेला नाही आणि ह्यूस्टनचाही गेला नाही. त्या वर्षी विजेता कोण ठरला, ठाऊक आहे? बर्मिंगहॅम. खरोखर घरी खेळणारा तो एकच संघ होता. पुढच्या वर्षीही तोच जिंकला. घरच्या प्रेक्षकांचे बळ किती, ते यावरून कळावे.

आपल्याकडेही २०१२ साली त्याच अमेरिकन फुटबॉलची एक भारतीय लीग काढण्यात आली होती. तिच्यात ‘पुणे मराठाज’ नावाचा संघ होता. त्याने अंतिम सामना खेळला तो श्रीलंकेत, कोलंबोला. पुण्याचे नाव, मराठ्यांचे नाव, आणि मैदान समुद्रापलीकडचे. ही लीग टिकली नाही. कशी टिकणार? तिची आठवण ठेवणारे गावच नव्हते.

आता मी मूळ मुद्द्यावर येतो, म्हणजे आपल्या नेहमीच्या फुटबॉलवर. मला चार गोष्टी क्रमाने मांडायच्या आहेत. पहिली, शहरे निवडली कशी जातात. दुसरी, अशा निवडीचे पुढे काय होते. तिसरी, संघ कुठे जगतो. आणि चौथी, रत्नागिरीने काय करावे.

पहिली गोष्ट: दोन नकाशे

भारतीय फुटबॉलचे दोन नकाशे डोळ्यांसमोर आणा. पहिला २००७ सालचा. त्या वर्षी आय-लीग ही देशातली अव्वल लीग सुरू झाली, तेव्हा तिच्यात दहा संघ होते. त्यांतले चार एकट्या गोव्याचे: धेंपो, साळगावकर, चर्चिल ब्रदर्स आणि स्पोर्टिंग क्लब. दोन कोलकात्याचे: मोहन बागान आणि ईस्ट बंगाल. दोन मुंबईचे: महिंद्र युनायटेड आणि एअर इंडिया. एक पंजाबचा जेसीटी, एक केरळचा विवा केरळ. दहांतले चार संघ गोव्यासारख्या चिमुकल्या राज्यातले! हा नकाशा कुणी टेबलावर बसून आखलेला नव्हता. जिथे वाड्यावाड्यांत फुटबॉल होता, जिथे गिरणी, खाण किंवा कंपनी संघ पोसत होती, तिथे संघ होते. हा नकाशा वाकडातिकडा होता, तुटपुंजा होता, पण खेळातून उगवलेला होता.

दुसरा नकाशा २०१४ सालचा. त्याआधी, २०१० मध्ये, अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने रिलायन्स आणि आयएमजी या कंपन्यांबरोबर १५ वर्षांचा, ७०० कोटी रुपयांचा करार केला होता. त्यातून २०१४ साली इंडियन सुपर लीग उभी राहिली, आय-लीगच्या शेजारी, तिला समांतर. आठ संघ, आठ ठिकाणे: कोलकाता, दिल्ली, मुंबई, चेन्नई, पुणे, कोची, गोवा आणि गुवाहाटी. गोव्याचे चार संघ होते, तिथे आता एक. कोलकात्याचे दोन जुन्या परंपरेचे क्लब बाजूला, आणि त्या शहरात नवा, विकत घेतलेला एक संघ. एका शहराला एक संघ, असे सूत्र.

ही आठ नावे कशी निघाली? मोठे शहर, म्हणजे दूरचित्रवाणीचा मोठा प्रेक्षक. तयार स्टेडियम. विमानतळ आणि चांगली हॉटेले. दरवर्षी कोट्यवधी रुपयांचे शुल्क भरू शकणारा मालक. हे निकष चुकीचे आहेत असे मी म्हणणार नाही. या लीगने चांगलेही खूप केले. कोचीचे स्टेडियम पिवळ्या रंगाने ओसंडून वाहताना देशाने पाहिले. गुवाहाटीमुळे ईशान्येच्या खेळाडूंना घराजवळ व्यासपीठ मिळाले. खेळाडूला बऱ्यापैकी मानधन, बरी हिरवळ, बरे प्रशिक्षक मिळाले. हे नाकारणे अन्यायाचे होईल.

पण त्या निकषांत एक निकष नव्हता. या गावात रोज संध्याकाळी फुटबॉल खेळला जातो का, हा तो निकष.

२०१७ साली लीग वाढवायचे ठरले, तेव्हा नव्या संघांसाठी दहा शहरांची यादी जाहीर झाली: अहमदाबाद, बंगळूर, कटक, दुर्गापूर, हैदराबाद, जमशेदपूर, कोलकाता, रांची, सिलिगुडी आणि तिरुवनंतपुरम. त्या यादीत कोल्हापूर नव्हते. ज्या शहरात साध्या स्थानिक सामन्यासाठी स्टेडियम भरते, ते शहर कुणाच्या खिजगणतीतही नव्हते. विमानतळ मोजले गेले, हॉटेले मोजली गेली, पेठा मोजल्या गेल्या नाहीत.

दुसरी गोष्ट: पुण्याचे चार संघ

अशा निवडीचे पुढे काय होते? लांब जायला नको, पुण्याचेच उदाहरण घेऊ. पुणे म्हणजे कागदावर आदर्श शहर. लाखोंची तरुण लोकसंख्या, उद्योग, महाविद्यालये, बालेवाडीचे क्रीडासंकुल. यजमान शहरासाठी आणखी काय हवे?

२००७ साली पुणे एफसी स्थापन झाला. एका मोठ्या उद्योगसमूहाचा पाठिंबा. २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये हा संघ देशात दुसरा आला. मुलांसाठी अकादमी उभी राहिली. पुढे दोन-तीन वर्षांतच मालकांनी हात काढून घेतला आणि संघ बंद झाला. २०१४-१५ च्या हंगामात भारत एफसी नावाचा दुसरा संघ आला. एक हंगाम खेळला, गाशा गुंडाळला. मग डीएसके शिवाजीयन्स आय-लीगमध्ये आला. २०१७ नंतर तोही तिथे दिसला नाही. आणि सुपर लीगचा एफसी पुणे सिटी? २०१४ ते २०१९. नारिंगी जर्सी घालून बालेवाडीला जाणारे निष्ठावंत समर्थक त्याला होते. पण मालकांचे आर्थिक गणित कोलमडले आणि संघही गेला.

बारा वर्षांत चार संघ. एका शहरात. चार वेळा बारसे आणि चार वेळा निरोप.

इथे एक मार्ग मुद्दाम उलगडून पाहा. पुणे सिटी बंद झाल्यावर लीगमधली त्याची जागा २०१९ साली हैदराबादला गेली. हैदराबाद एफसी २०२१-२२ मध्ये लीगचा विजेता ठरला! आणि २०२५ मध्ये तोच संघ चंबूगबाळे आवरून दिल्लीला गेला, नवे नाव घेऊन. दिल्लीला जागा रिकामी का होती? कारण दिल्लीचा आधीचा संघ २०१९ मध्येच भुवनेश्वरला जाऊन ओडिशाचा झाला होता. पुणे, हैदराबाद, दिल्ली, भुवनेश्वर. संघ फिरत राहिले. समर्थक जागच्या जागी राहिले, हातात जुना स्कार्फ घेऊन.

मालकाने संघ हलवला, की कागदोपत्री एक पत्ता बदलतो. पण अकादमीतल्या तेरा वर्षांच्या मुलाचे काय होते? त्याने त्या संघासाठी शाळा बदललेली असते. आईवडिलांनी खोली भाड्याने घेतलेली असते. मैदानाची निगा राखणारा माळी, किट सांभाळणारा माणूस, दर शनिवारी मुलांना सामना दाखवायला नेणारे क्रीडाशिक्षक, यांचे काय होते? शहर निवडताना या माणसांचा रकाना कोणत्याच तक्त्यात नसतो. म्हणून संघ जाताना त्यांना कुणी विचारत नाही.

मुंबईची कहाणी याहून वेगळी नाही. महिंद्र युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. २००७ मध्ये सुरू झालेला मुंबई एफसी २०१७ मध्ये बंद झाला. ज्या शहराने रोव्हर्स चषकाच्या निमित्ताने एकोणिसाव्या शतकापासून फुटबॉल पाहिला, कूपरेजच्या मैदानावर ज्या शहराने देशातले सर्वोत्तम संघ पाहिले, त्या शहराची ही अवस्था.

कबड्डीची लीगही पाहा. प्रो कबड्डी २०१४ साली शहराशहरांत फिरू लागली, तेव्हा यू मुंबा या मुंबईच्या संघाचे घरचे सामने हा मुंबईकरांचा, म्हणजे पर्यायाने आपल्या कोकणी माणसांचा उत्सव होता. अलीकडच्या हंगामांत ती लीग मोजक्या तीन-चार शहरांत होते. अकरावा हंगाम हैदराबाद, नोएडा आणि पुण्यात झाला. बारावा विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्लीत. कबड्डीची पंढरी म्हणावी त्या मुंबईत एकही नाही. नाव मुंबईचे, घर मात्र मुंबईत नाही.

आणि वरून छत्रीच कोसळली तर? फुटबॉल महासंघाचा तो १५ वर्षांचा करार २०२५ च्या डिसेंबरात संपत होता. नव्या कराराचा पत्ता नाही म्हणून त्या वर्षी जुलैमध्ये सुपर लीगचा पुढचा हंगाम थांबवून ठेवण्यात आला. देशातली अव्वल लीग, आणि खेळाडूंना पुढचा सामना कधी ते ठाऊक नव्हते! एका करारावर सगळा डोलारा उभा केला, की करार संपताच डोलारा हलतो.

तिसरी गोष्ट: संघ जगतो कुठे?

मग संघ जगतो कुठे? आता आंबा घाट चढून कोल्हापूरला चला.

पावसाळा सरला, दिवाळी झाली, की तिथे फुटबॉलचा हंगाम लागतो. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे केएसए, साखळी स्पर्धा घेते. संघांची नावे ऐका: पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. ही नावे कोणत्या जाहिरात कंपनीने सुचवलेली नाहीत. ज्या तालमीत आजोबांनी लाल मातीत कुस्ती केली, त्याच तालमीच्या नावाने नातू फुटबॉल खेळतो. राजर्षी शाहूंच्या काळापासून जी तालीम पेठेचे केंद्र होती, तिनेच हा खेळ अंगावर घेतला.

सामन्याच्या दिवशी शाहू स्टेडियमला जावे. दुपारी तीनपासून माणसे पायी निघालेली असतात, पेठ अख्खीच्या अख्खी. एका बाजूला एका तालमीचे लोक, दुसऱ्या बाजूला दुसऱ्या. कुणी गुजरीतला कारागीर काम अर्धे ठेवून आलेला, कुणी रिक्षा कोपऱ्यावर लावून. हलगी कडाडते. खेळाडू मैदानात उतरतो तेव्हा त्याला टोपणनावाने हाक जाते, कारण तो गल्लीतला आहे. काल चहाच्या टपरीवर भेटलेला आहे. त्याच संघात एखादा नायजेरियाहून आलेला खेळाडू असतो, आणि पेठ त्यालाही दोन महिन्यांत आपला करून टाकते. संघाचा खर्च पेठेची वर्गणी, स्थानिक व्यापारी आणि मंडळाचे कार्यकर्ते मिळून उचलतात. ही ईर्ष्या कधीकधी हातघाईवर येते आणि खेळाला गालबोट लागते, तेही खरे आहे. कोल्हापूरने ते आवरले पाहिजे. पण जिथे हरल्याचे दुःख रात्रभर टिकते, तिथे संघ एका मालकाच्या मर्जीने बंद पडत नाही.

कोल्हापूर मोठे शहर आहे, असे कुणी म्हणेल. तर मग गडहिंग्लज पाहा. रत्नागिरीहून लहान गाव. तिथेही फुटबॉल आहे, दिवाळीतल्या स्पर्धा आहेत, बाहेरचे नामांकित संघ त्या गावात खेळून जातात. गडहिंग्लजला कुणी यजमान शहर म्हणून निवडले नव्हते. गावानेच खेळाला यजमानपद दिले.

आणि याच कोल्हापूरच्या मातीतला अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला. पुढे तो जमशेदपूरकडून खेळला, हैदराबादकडून खेळला. का? कारण कोल्हापूरच्या मुलाला कोल्हापूरसाठी देशाच्या अव्वल लीगमध्ये खेळता येईल, अशी सोयच नाही.

आता दूर मिझोरमला जाऊ. ऐझॉल. २०११ च्या जनगणनेप्रमाणे लोकसंख्या तीन लाखांच्या आत. विमाने मोजकी, उद्योग नावाला. पण २०१२ पासून मिझोरमने आपली राज्य लीग नेटाने चालवली आणि डोंगरातल्या शाळांतून मुले पुढे आली. ऐझॉल एफसी २०१५-१६ मध्ये आय-लीगमधून खाली घसरला होता. त्याच सुमारास, सुपर लीगला वरचा दर्जा देण्याच्या धोरणाचा निषेध म्हणून धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या गोव्याच्या संघांनी आय-लीग सोडली. रिकाम्या जागेमुळे ऐझॉलला परत संधी मिळाली. आणि पुढच्याच हंगामात, एप्रिल २०१७ मध्ये, ऐझॉल भारताचा विजेता झाला! प्रशिक्षक कोण? खालिद जमील, ज्यांनी आधी अनेक वर्षे मुंबई एफसीला प्रशिक्षण दिले होते. ज्या वर्षी मुंबईचा संघ बंद झाला, त्याच वर्षी मुंबईत घडलेल्या प्रशिक्षकाने तीन लाखांचे गाव देशात पहिले आणले. श्रोतेहो, माणूस तोच, विद्या तीच. फरक कशाचा? फरक गावाचा.

गोव्याच्या या संघांनी लीग सोडली, पण गोव्याने खेळ सोडला का? नाही. गोव्याची स्वतःची लीग चालूच राहिली. एफसी गोवा फातोर्ड्याच्या मैदानावर टिकून आहे. आणि धेंपो, पाच वेळा राष्ट्रीय विजेता असलेला धेंपो, खालच्या पायरीवरून खेळत खेळत २०२४-२५ मध्ये आय-लीगमध्ये परतला. ज्याला गाव असते, तो संघ परत येऊ शकतो. पुण्याच्या चार संघांपैकी एकही परत आला नाही.

जमशेदपूर हे तिसऱ्या तऱ्हेचे उदाहरण. २०१७ मध्ये त्या लहान पोलादनगरीला सुपर लीगचा संघ मिळाला. तिथे पेठ नाही, पण १९८७ पासून टाटा फुटबॉल अकादमी आहे, मैदान आहे, आणि त्याच गावात कारखाना असलेला मालक आहे. मालकाचे घर आणि संघाचे घर एक असले, तर तेही टिकते. म्हणजे पैसा वाईट नव्हे. बेघर पैसा टिकत नाही, एवढेच.

चौथी गोष्ट: रत्नागिरीने काय करावे?

आता आपल्याकडे वळतो. ‘रत्नागिरीला सुपर लीगचा संघ द्या’ असा ठराव करून घेण्यासाठी मी आलेलो नाही. शहराची लोकसंख्या २०११ मध्ये पाऊण लाखाच्या आसपास होती. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे २००१ ते २०११ या काळात आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या वाढली नाही, घटली. सतरा लाखांच्या जवळ होती, ती सोळा लाखांवर आली. सगळा देश वाढत असताना आपण घटलो. तरणी मुले मुंबईला जातात, हे आपल्या प्रत्येक घराला माहीत आहे. मग संघ कुणाच्या जिवावर चालणार?

मी या आकड्याकडे उलट बाजूने पाहतो. मुंबईत चाळीचाळींतून, उपनगरांतून आपल्या गावांची मंडळे आहेत. ती गावच्या नावाने क्रिकेटच्या, कबड्डीच्या स्पर्धा घेतात. गावाला रंगमंच बांधतात, शाळेला बाके देतात, शिमग्याला न चुकता येतात. गावाच्या नावाशी इतके घट्ट बांधलेले समर्थक कोणत्या महानगरातल्या संघाला आहेत? कोकणी माणूस गाव सोडतो. गावाचे नाव सोडत नाही. कोणत्याही लीगला हेवा वाटावा असे हे भांडवल आहे. पण ते गोळा होण्यासाठी खरा संघ हवा, आणि खऱ्या संघासाठी खरा खेळ हवा.

म्हणून माझे म्हणणे असे. कोणत्याही संघाला गाव देण्याआधी चार गोष्टी तपासाव्यात, आणि त्या आपण आधी स्वतःलाच विचाराव्यात.

एक, मैदान. वर्षभर मुलांना मोकळे असलेले, सभा-प्रदर्शनांसाठी दर महिन्याला खणले न जाणारे मैदान. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. निचरा नसेल तर ते मैदान ऑक्टोबर उजाडला तरी चिखलातच असते. निचऱ्याची गटारे आणि हिरवळ ही कमानीहून आणि नामफलकाहून महत्त्वाची आहेत.

दोन, रोजचा खेळ. शाळांची साखळी, तालुक्यांची साखळी, ऑक्टोबर ते मे. लांजा, राजापूर, चिपळूण, खेड, दापोली, गुहागर, संगमेश्वर, मंडणगड, रत्नागिरी असे आपले नऊ तालुके आहेत. प्रत्येकाचा मुलांचा एक आणि मुलींचा एक संघ. एक दिवसाचा चषक, मोठे व्यासपीठ आणि सत्कार, याने खेळ वाढत नाही. दर रविवारी ठरलेल्या वेळी शिट्टी वाजली, तर वाढतो.

तीन, शेजार. संघाला प्रतिस्पर्धी जवळ हवा. विमानाने गुवाहाटीला जाण्याचा खर्च लहान गावाला परवडत नाही. पण आपल्या एका बाजूला कोल्हापूर आहे, घाट ओलांडला की. दुसऱ्या बाजूला गोवा आहे, कोकण रेल्वेने काही तासांवर. मधे सावंतवाडी आहे, वर गडहिंग्लज आहे. देशातल्या फुटबॉलच्या दोन जिवंत परंपरांच्या मधोमध आपण बसलो आहोत, आणि आपल्याला त्याचा पत्ता नाही! सह्याद्रीच्या दोन्ही अंगांच्या गावांची एक लहान लीग का निघू नये? बसने जावे, सामना खेळावा, रात्री घरी परतावे. पर्यायी लीग याहून वेगळी काय असते?

चार, मालकी. एका उद्योगपतीच्या खिशावर संघ उभा करू नका. वर्गणीदार सभासद, इथले व्यावसायिक, मुंबईकर मंडळे, नगर परिषद यांचा प्रत्येकाचा वाटा असावा, आणि संघ गावाबाहेर हलवायचा तर सभासदांचे मत घेतल्याशिवाय हलवता येणार नाही, हे घटनेतच लिहून ठेवा. पुण्याच्या समर्थकांच्या हातात हा एक कागद असता, तर त्यांना कुणीतरी निदान विचारले असते.

आता वरच्या लीगचे दार पूर्वीसारखे बंदही नाही. २०२२-२३ पासून आय-लीगचा विजेता सुपर लीगमध्ये जाऊ लागला. त्या वर्षी पंजाबचा संघ गेला, पुढच्या वर्षी मोहम्मडन स्पोर्टिंग. तिच्याखाली आणखी पायऱ्या आहेत. शिडी उभी आहे. निवड समितीने बोलावण्याची वाट न पाहता पायरी पायरीने चढता येते. पहिली पायरी मात्र आपल्याच अंगणात आहे.

आणि तोवर? तोवर ज्यांनी आपले नाव घेतले आहे त्यांच्याकडे आपण मागणी करावी, आदराने पण ठामपणे. रत्नागिरीच्या नावाचा संघ असेल, तर हंगामाआधीचे एक शिबिर रत्नागिरीत व्हावे. एक प्रदर्शनीय सामना छत्रपती शिवाजी स्टेडियमवर व्हावा. संघात काही जागा जिल्ह्यातल्या मुलामुलींसाठी असाव्यात. जिल्ह्यातल्या शाळांना दरवर्षी प्रशिक्षक मिळावा. यातली एकही मागणी अवाजवी नाही. नाव ही देणगी आहे. देणगी घेणाऱ्याने पावती द्यावी.

थोडक्यात सांगतो. शहरे निवडताना प्रेक्षक, विमानतळ आणि मालक मोजले जातात. रोजचा खेळ मोजला जात नाही. त्यामुळे पुण्यासारखे संपन्न शहर बारा वर्षांत चार संघ गमावते. उलट कोल्हापूर, गडहिंग्लज, गोवा, ऐझॉल, जमशेदपूर इथे खेळ टिकतो, कारण तिथे संघाला रस्ता, मैदान आणि माणसे आहेत. गावाला संघ देता येत नाही; गावातून संघ काढावा लागतो. माझ्या सगळ्या बोलण्याचे सार एवढेच आहे.

या सभागृहात शिक्षक आहेत, नगरसेवक आहेत, डॉक्टर आहेत, बागायतदार आहेत, निवृत्त अधिकारी आहेत. मी तुमच्याकडे निधी मागत नाही. येत्या ऑक्टोबरपासून नऊ तालुक्यांच्या शाळांची साखळी सुरू करण्यासाठी एक समिती आज, इथेच, कार्यक्रम संपल्यावर नेमावी, एवढे मागतो. प्रत्येक तालुक्याचा एक माणूस, एक मैदान आणि सामन्यांचे वेळापत्रक, एवढ्यावर सुरुवात होते. ज्यांना त्यात नाव द्यायचे आहे, त्यांनी सभागृह सोडण्याआधी व्यासपीठाजवळ यावे. मी थांबलो आहे.